सोयरिकीची पेटी

बसा असे, उन्हाकडं पाठ करून. ही गोष्ट थंडीची आहे, तेव्हा आधी थोडी ऊब अंगात साठवून घ्या. एका पेटीची गोष्ट सांगतो. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, पण तिनं हजारभर गुरांची नाती उघडी पाडली, आणि एका भल्या माणसाला त्याच्याच हातचं काम दाखवलं. मधे कुठं हसू आलं तर हसून घ्या. पुढं फारसं येणार नाही.

माणसाचं नाव लहानू भांगरे. गाव अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या अंगाला. घरी डांगी गुरं, बाप गुराखी, आजा गुराखी. सातवीत शाळेला आणि लहानूला एकमेकांचा कंटाळा आला. मग तो गुरं भरवायचं काम शिकला. म्हणजे वळूशिवाय गाय गाभण करायची. नायट्रोजनच्या टाकीत थिजवलेली वळूच्या वीर्याची कांडी काढायची, कोमट पाण्यात सोडायची, खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. हात चांगला होता. दहातल्या सात गाई पहिल्या फेरीत ठरायच्या. अशी माणसं पाहिजेत म्हणून लडाखला भरती निघाली, तर हा दोन वर्षांसाठी म्हणून गेला आणि अठरा वर्षं झाली तरी तिथंच राहिला. का राहिला ते त्यालाही सांगता यायचं नाही. खाली वाट बघणारं कोणी नव्हतं, आणि वरची माणसं चांगली होती, एवढंच.

तिथली गाय तुम्ही बघितली तर म्हणाल ही काय गाय आहे का. आपल्या वर्षाच्या कालवडीएवढी. काळी, बुटकी, अंगावर अस्वलासारखे केस. दूध दोन शेर, तेही तिची मर्जी असली तर. म्हणून लोकांनी मधल्या काळात जर्सीचा संकर आणला. दुधाच्या चरव्या भरायला लागल्या, काळ्या गाई मागं पडल्या. मग दोन हजार चौतीसचा हिवाळा आला. रस्ता नऊ आठवडे बंद. चारा संपला. मोठाल्या गाई दावणीला उभ्या होत्या तशाच मेल्या. आणि या बुटक्या काळ्या? काटेरी झुडपं खाऊन, पुठ्ठे चघळून, उणे तीसमध्ये रवंथ करत बसल्या होत्या. तेव्हा सगळ्यांना आठवण झाली, की अरे, आपल्याकडं सोनं होतं.

पण सोनं उरलं होतं मूठभर. ते वाढवायला एक केंद्र निघालं, शीतवंश केंद्र. लहानू त्याचा माणूस झाला.

चुमिकथांग नावाच्या गावात यांगडोल म्हणून एक बाई होती. साठीकडं झुकलेली, नवरा गेलेला, हाडापेरानं आपल्या डोंगरातल्या बाईसारखी. लहानू तिच्या माडीवर राहायचा. तो तिला आचे-ले म्हणायचा, म्हणजे ताई. ती त्याला नोनो म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. बोलायची हिंदी आणि लडाखी कालवून. मी आपलं आपल्या बोलीत सांगतो.

तिच्या घरचा वळू होता नोरबू. नोरबू म्हणजे रत्न, आणि खरंच होता. छाती बघाल तर पिंप. तिचा माणूस छातीच्या दुखण्यानं आजारी पडला तेव्हा तिनं त्याच्या नावानं हा गोऱ्हा सोडला. आपल्याकडं देवाच्या नावानं पोळ सोडतात ना, तसंच तिकडं आहे. गोंपाचा, म्हणजे मठाचा, लामा येतो, कानात लाल रेशमी फीत ओवतो, गळ्यातली दोरी सोडतात. त्यानंतर त्या जनावराला विकायचं नाही, कापायचं नाही, खच्ची करायचं नाही, आणि परत कधी दोरी लावायची नाही. जीव मोकळा. नवरा त्यानंतर पाच महिने जगला. डॉक्टरनं पाच दिवस सांगितले होते.

असा हा नोरबू. त्याच्याच कांड्या भरून लहानू आठ वर्षं खोऱ्याखोऱ्यांतून फिरला.

आता दोन हजार त्रेचाळीसचा फेब्रुवारी. सकाळचं ऊन अंगणात आलेलं. यांगडोल भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर दोन दिवसांचं वासरू होतं. चीक पोटभर प्यालेलं, डोळे टपोरे. रात्रभर स्वयंपाकघरात चुलीशी ठेवलं तेव्हा उड्या मारत होतं. तिकडं रीतच आहे, नवं वासरू चुलीशी निजवायचं. ऊन आलं म्हणून तिनं त्याला बाहेर आणलं, तर तासाभरात त्यानं मान टाकली.

"नोनो, याचे कान बघ," ती म्हणाली.

वासराचा जीव कानात कळतो, हे गुरांच्या माणसाला शिकवावं लागत नाही. लहानूनं कान मुठीत धरले. धातूच्या पळीसारखे गार. त्यानं वासरू उचललं, कोटाच्या आत घेतलं, चुलीकडं पळाला. चुलीशी पोहोचेपर्यंत कोटात नुसतं वजन राहिलं होतं.

त्या हिवाळ्यात तिच्या घरातलं हे तिसरं. गावातलं अकरावं. आजार नाही, ताप नाही, हगवण नाही. नुसती थंड होऊन जायची. लोक त्यांना थंड वासरं म्हणायला लागले. कोणी म्हणालं डोंगर रागावला, कोणी म्हणालं पाणी बदललं. यांगडोल वासराच्या अंगावरून हात फिरवत राहिली, जसं काही अजून फिरवल्यानं फरक पडेल.

आठवड्यानं केंद्रातून डॉक्टर जिग्मेत आली. तिशीची पोरगी, लडाखचीच, शिकून परत आलेली, बोलणं फटकळ. तिच्याकडं ती पेटी होती. पेटीला मोठं लांबलचक नाव होतं, पण लहानूनं ती काय करते ते ऐकलं आणि म्हणाला, ही तर सोयरिकीची पेटी. तेच नाव पडलं. दोन खाचे होते. एकात वळूच्या कानाचे मुळासकट उपटलेले केस, दुसऱ्यात गाईचे. चाळीस मिनिटं थांबायचं. हिरवा दिवा लागला तर लांबचं नातं, खुशाल जोडी लावा. पिवळा म्हणजे जपून. लाल म्हणजे घरातलं घरात.

केस खाचेत टाकून दोघं थांबले तेव्हा जिग्मेतनं त्याला समजावलं. लहानूनं मला सांगितलं ते असं. प्रत्येक जीवाला प्रत्येक कामाच्या दोन चिठ्ठ्या मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. फाटक्या चिठ्ठ्या सगळ्यांच्याच गाठोड्यात असतात, तुमच्या, माझ्या, राजाच्यासुद्धा. पण आईकडून आलेली फाटकी असली तरी बापाची धड असते, ती वाचून काम चालतं. म्हणून कळतही नाही. आता आईबाप एकाच घरचे असले की गाठोडीही सारखीच. मग तीच फाटकी चिठ्ठी दोन्हीकडून येते, आणि ते काम जन्मभर कोणी करत नाही.

"इथं कुठलं काम अडलंय?" लहानूनं विचारलं.

जिग्मेतनं सांगितलं, शेगडीचं. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या मूत्रपिंडाभोवती आणि छातीत तांबूस चरबी असते. आपल्या पोटावरची पांढरी चरबी म्हणजे कणगीतलं धान्य, आणि ही तांबूस म्हणजे पेटती शेगडी. कुडकुडण्यानं थोडी ऊब येते, पण असल्या थंडीत तेवढ्यानं भागत नाही. पहिले काही दिवस ही शेगडीच वासराला तगवते. या वासरांत चरबी आहे, पण ती पेटवायची चिठ्ठी दोन्हीकडून फाटकी. सरपण रचलेलं आणि काडीच नाही.

मग लहानूनं विचारलं, हे आत्ताच कसं झालं? आठ वर्षं तर वासरं मजेत होती.

तेव्हा ती म्हणाली, तीच तर गोम आहे. मधले आठ हिवाळे ऊबदार गेले. पूर्वी थंडी दर वर्षी चाळण लावायची. फाटक्या चिठ्ठीचं वासरू तिथंच गळायचं. आठ वर्षं चाळण लागलीच नाही. वर तुम्ही चुलीशी निजवलीत, केंद्रानं घोंगड्या वाटल्या. सगळी जगली, वाढली, त्यांना पोरं झाली. फाटकी चिठ्ठी घरोघरी पोहोचली. यंदा खरी थंडी परत आली आणि तिनं आठ वर्षांचा हिशेब एकदम मागितला.

घोंगड्या लहानूनंच वाटल्या होत्या. लोकांनी तेव्हा त्याच्या गळ्यात पांढरा खाता घातला होता, मानाचं रेशमी वस्त्र.

दिवा लागला. लाल.

गावात सदतीस गाई, तीन दिवसांचं काम. एका खाचेत नोरबू कायम, दुसऱ्यात एकेक गाय. लाल. लाल. लाल. एकदा पिवळा लागला तर लहानू उठून उभा राहिला. नंतर कळलं की त्या गाईची आजी जर्सीची होती. पेटीच बिघडली असेल म्हणून त्यानं केंद्रातल्या एका अस्सल जर्सीचे केस टाकून बघितले. चाळीस मिनिटांनी हिरवा. म्हणजे पेटी धड होती, बिघडलेलं आपलंच होतं.

कसं झालं हे? अहो, पापानं नाही, पुण्यानं झालं. चार पिढ्या गावात कोणी आजारी पडलं की त्याच्या नावानं गोऱ्हा सोडायचे, आणि सोडायचा तो चांगल्यातला चांगला. देवाला काय मरतुकडं देणार? आणि चांगला गोऱ्हा जन्मायचा यांगडोलच्याच गोठ्यात. सोडलेल्याला खच्ची करता येत नाही, बाकीचे गोऱ्हे खच्ची व्हायचे. मग गावाचा वळू कोण? सोडलेला. त्याच्यानंतर त्याचाच पोरगा, मग त्याचाही. पोरगा आईवर, भाऊ बहिणीवर. रत्नाच्या पोटी रत्न, आणि प्रत्येक रत्नाच्या गाठोड्यात तीच एक फाटकी चिठ्ठी.

यांगडोल तिन्ही दिवस जपमाळ ओढत बाजूला उभी होती. शेवटी तिनं विचारलं, लाल म्हणजे काय?

लहानू म्हणाला, "थंडीनं पेटी चालत नाहीये बहुतेक, आचे-ले."

जिग्मेतनं त्याच्याकडं बघितलं. तिनं पेटी बंद केली आणि ती उठून गेली. सांगायचं काम त्याचं होतं.

दोन दिवस त्यानं ते पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोऱ्यातून निरोप आला, तिथंही थंड वासरं, सहा. मग पलीकडून, नऊ. सगळी त्याच्या हातच्या कांडीची. मग तो खाली चुलीशी गेला आणि तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. वळू मोकळा फिरला तर पुढच्या हिवाळ्यात निम्मी वासरं जातील. नोरबूला गाईंपासून तोडायला हवं. दावणीला लावायला हवं.

यांगडोल लोणी काढत होती. ती थांबली नाही.

"माझ्या माणसाच्या श्वासासाठी मी ती दोरी सोडली," ती म्हणाली. "लामासमोर. या हातानं. आता त्याच हातानं लावू?"

लहानूनं मग आपल्या गावची गोष्ट काढली. म्हणाला, आमच्याकडंही पोळ सोडतात, तोही मोकळाच असतो. पण माणसाची सोयरीक करताना आम्ही आधी देवक विचारतो. एकच देवक निघालं तर पोरगी कितीही गोरीपान असो, उठून चालू लागतो. आणि गुरांनाही तोच कायदा. माझा बाप म्हणायचा, दही घरचं, वळू वेशीबाहेरचा. दर पाच-सहा वर्षांनी दोन गावं वळूंची अदलाबदल करायची, वाजतगाजत.

आता यांगडोल थांबली.

"मग हे तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "आठ वर्षं कुठं होतं?"

खरं सांगायचं तर नोकरी लागली, टाकी मिळाली, कागदावर वळूंचे आकडे छापून यायला लागले, आणि बापाचं वाक्य त्याला गावंढळ वाटायला लागलं. हे तो तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

त्या दिवसापासून त्याचा चहा बंद झाला. भांडण नाही, शब्द नाही. नुसता त्याचा पेला फळीवर पालथा. तो माडीवर पाव आणि लोणचं खायचा, आणि नोरबू अंगणातून डुलत गाईंकडं जाताना बघायचा.

दहाव्या दिवशी सकाळी त्याला दगडांचा आवाज आला. खाली बघतो तर यांगडोल ओढ्यातले गोटे पाठीवरच्या टोपलीतून आणत होती. कुरणाच्या कोपऱ्यात नोरबू ऊन खात बसायचा, तिथं ती त्याच्याभोवती भिंत रचत होती. फाटक नाही, दार नाही. लहानू उतरला आणि दगड उचलायला लागला. ती नको म्हणाली नाही, ये म्हणाली नाही. चार दिवस दोघं न बोलता दगडावर दगड ठेवत होते आणि नोरबू मधे उभा राहून त्यांचे हात हुंगत होता. त्याला वाटलं असेल, माझं घर करतायत.

भिंत छातीभर झाल्यावर यांगडोलनं तिला हात लावून बघितला.

"मी दोरी लावली नाही," ती म्हणाली. लहानूला म्हणाली, की वर कोणाला, त्याला कळलं नाही.

संध्याकाळी फळीवरचा पेला उताणा होता.

पण भिंतीनं थंड वासरं थांबली, वंश थोडाच चालणार होता? वेगळ्या रक्ताचा वळू पाहिजे. काळा, बुटका, थंडीतला, पण या घरचा नसलेला. एप्रिलमध्ये लहानू पेटी घेऊन निघाला. चौतीस गावं. कधी मालट्रकच्या टपावर, कधी पायी. लोक हसायचे, म्हणायचे, भांगरे-ले वळूसाठी मुलगी बघायला आले. तोही हसायचा, केस उपटायचा, चाळीस मिनिटं थांबायचा. लाल. कुठं पिवळा, तर त्यात जर्सी निघायची. दिवस असे गेले की त्याला झोपेतही लालच दिसायचं. ज्या ज्या गोठ्यात तो शिरायचा, तिथं नोरबूची छाती घेऊन एक पोरगा उभा असायचा, आणि त्या पोराला इथं कोणी आणलं होतं ते लहानूला पक्कं माहीत होतं.

मेच्या सुरुवातीला तो खिंडीखालच्या वस्तीवर पोहोचला. चार घरं, त्यातली तीन बंद. चौथ्यात मेमे स्कर्मा नावाचा म्हातारा एकटा राहायचा. मेमे म्हणजे आजोबा. चेहऱ्यावर सुरकुत्या इतक्या, की डोळे कुठले ते शोधावं लागे. आणि त्याच्या दारात एक जनावर उभं होतं. काय सांगू तुम्हाला त्याचं रूप. एक शिंग खाली वळलेलं, कपाळावर वेडावाकडा पांढरा डाग, पाठ खेचरासारखी, केस गुडघ्यापर्यंत आणि त्यात शेणाच्या गोळ्या. पाठीवर शेणींच्या गोण्या.

लहानूनं म्हाताऱ्याला जुले, म्हणजे तिकडचा रामराम, घातला, दोन केस उपटले आणि पेटीत टाकले. सवय म्हणून. म्हाताऱ्यानं खारा चहा दिला आणि लांडग्यानं दोन वर्षांमागं कसं छप्पर फोडलं त्याची गोष्ट लावली. लहानू हूं हूं करत होता.

दिवा हिरवा लागला.

आधी त्याचा विश्वासच बसेना. त्यानं पेटी पुसली, परत केस टाकले, परत चाळीस मिनिटं. हिरवा. स्वच्छ, आपल्या भाताच्या रोपासारखा हिरवा. लहानू उठला, त्यानं त्या घाणेरड्या जनावराच्या मानेला मिठी मारली, आणि बावन्न वर्षांचा माणूस तिथं रडला.

म्हातारा बसून चहा पीत होता.

आता गुरांचा माणूस जनावर बघतो तेव्हा आधी मागं जाऊन बघतो. लहानूनं आधी दिवा बघितला होता. मिठी सुटल्यावर तो मागं गेला, शेपूट बाजूला केली, आणि त्याचा हात तसाच राहिला. मागं काही नव्हतं. सुकलेली, चेपलेली पिशवी. खच्ची करायचा चिमटा लागलेला.

मग त्यानं कानावरचे केस सारले. पिवळा बिल्ला, उन्हानं पांढरट झालेला. केंद्राचं चिन्ह, साल दोन हजार पस्तीस, आणि खाली चिमटा लावणाऱ्याचा नंबर. एकशे चौदा. लहानूच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर केंद्र निघालं तेव्हापासून तोच नंबर आहे.

"मला वाटलं ओळखशील," मेमे स्कर्मा म्हणाला. "इथंच बसून ताक प्यालास. मी म्हटलं होतं, वर हा एकच गोऱ्हा आहे. तू म्हणालास, मेमे-ले, असलं वाकडं वंशात नको, खाली रत्न आहे, त्याची कांडी घेऊन येईन."

"आलो नाही," लहानू म्हणाला.

"वाट फार चढाची आहे," म्हातारा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्यानंच लहानूला जास्त लागलं.

त्या वर्षी त्यानं दोनशे अकरा गोऱ्ह्यांना चिमटा लावला होता. वरून हुकूमच होता, चांगला तेवढा ठेवा, बाकी काढा. शाबासकीचा कागद मिळाला होता, तो अजून यांगडोलच्या माडीवर खिळ्याला होता. त्या दोनशे अकरांत किती हिरवे होते, हे आता कुठली पेटी सांगणार?

पेला खाली ठेवून म्हातारा म्हणाला, "याची बहीण आहे आत."

गोठा म्हणजे खोदलेली खोबण. अंधारात एक म्हातारी गाय उभी होती, बारा वर्षांची, खूर फुटलेले, तोच वाकडा पांढरा डाग. जवान असताना एकदा व्याली होती, ते वासरू लांडग्यानं नेलं. मग वर वळूच राहिला नाही. म्हातारा म्हणाला, आठ वर्षं झाली, ही माजावर येते, खिंडीकडं तोंड करून दोन दिवस ओरडते, आणि मग गप्प बसते.

पेटीनं तिलाही हिरवा दिला.

जिग्मेतशी बोलणं झालं. तिचं म्हणणं, गाय शहरात आणा, तिची बीजं काढून यंत्रात दहा वासरं करू. पण तीन दिवसांची उतरण आणि फुटलेले खूर. लहानूनं एक दिवस चालवून बघितलं, पहिल्या वळणावरच ती बसली. मग त्यानंच टाकी पाठीवर मारून वर आणली आणि तो गोठ्याच्या तोंडाशी मुक्काम करून राहिला. कांडी कुठली? टाकीत दुसरं होतंच काय. नोरबूचीच. निदान एवढं नक्की होतं, की नोरबूची चिठ्ठी फाटकी आली तरी आईची धड असेल. शेगडी पेटेल.

एकविसाव्या दिवशी ती खिंडीकडं तोंड करून ओरडली. लहानूनं कांडी कोमट पाण्यात सोडली आणि खांद्यापर्यंत हातमोजा चढवला. आठ वर्षांची भुकेली कूस, एकाच कांडीत राहिली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दिवस भरत आले तेव्हा यांगडोल म्हणाली, मी येते. गाई सोडवायला तिच्यासारखा हात खोऱ्यात नव्हता. गोठलेल्या ओढ्यावरून दोघं चार दिवस चालत गेले. पोहोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाय व्यायला बसली. वासरू मोठं होतं, अडलं. यांगडोलनं आत हात घातला, लहानूनं पाय ओढले, म्हाताऱ्यानं गाईचं डोकं मांडीवर घेतलं. वासरू आलं. गोऱ्हा. कपाळावर तो डाग.

म्हातारा म्हणाला, चुलीशी न्या. यांगडोलनं मान हलवली.

तिनं त्याला कोरडं केलं, चीक पाजला आणि बाहेर बर्फावर एका पोत्यावर ठेवलं. पारा उणे बावीस. तिघं त्याच्याभोवती बसले. ज्या बाईनं जन्मभर वासरं चुलीशी निजवली, ती एका कोवळ्या जीवाला थंडीत ठेवून बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. सूर्य खिंडीला टेकला तेव्हा तिनं हात पुढं केला आणि कान मुठीत धरला. धरूनच राहिली.

"नोनो," ती म्हणाली. "गरम आहे."

गाय मात्र उठली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. खिंडीकडंच तोंड होतं.

जिग्मेतनं नंतर गोऱ्ह्याचे केस पेटीत टाकले, खालच्या गाईंबरोबर. हिरवा नाही लागला. कसा लागेल, निम्मा नोरबूच होता तो. पिवळा. जपून. आणि जपून म्हणजे किती? एकटा वळू, शेकड्यानं गाई. दहा वर्षांत सगळ्या कालवडी याच्याच पोरी असतील, आणि मग परत लाल. एका वळूवर गाव चालतं, वंश चालत नाही.

गोऱ्हा वर्षाचा झाला तेव्हा यांगडोल लाल फीत घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. मागं भिंतीच्या आतून नोरबू हंबरत होता. ती रोज वरून त्याला चारा टाकते. तिनं फीत हातात फिरवली, परत फिरवली, आणि लहानूला विचारलं, "याला सोडायचं, की याच्याभोवतीही दगड रचायचे?"

लहानूनं पेटी उचलली आणि तो परत निघाला. अजून फिरतोय. माडीवरचा शाबासकीचा कागद त्यानं उलटा करून लावलाय, आणि त्या कोऱ्या बाजूवर बघून झालेल्या वस्त्यांची नावं लिहितो.

तेव्हा तुम्ही एवढं करा. फिरायला म्हणून डोंगरात जाल, तीर्थाला जाल, कोणाचा पोरगा तिकडं फौजेत असेल त्याच्याकडं जाल. कुठं वरच्या अंगाला, शेवटच्या घरामागं, एखादा काळा, बुटका, वाकड्या शिंगाचा, कोणालाच नको असलेला गोऱ्हा दिसला, तर त्याचा फोटो काढण्याआधी मागं जाऊन बघा. धड असला, तर त्याच्या धन्याला सांगा की याला चिमटा लावू देऊ नको, आलाच कोणी तर त्याचा हात धर. आणि तिथून हलण्याआधी लहानूला निरोप धाडा. वाट कितीही चढाची असू द्या, म्हणावं, या खेपेला तो येईल.